शाश्वत शेतीच्या कामाला निधी पाहिजे? मग आधी वही उघडा

फेब्रुवारी-मार्च आला की माझा फोन सुरू होतो. दादा, अमक्या योजनेचे अर्ज सुटलेत, परवा शेवटची तारीख आहे, आपल्या गटाचा प्रस्ताव तेवढा करून द्या. मी करून देतो पण, फक्त आधी एक विचारतो, मागच्या दोन-तीन हंगामांचे आकडे कुठे लिहून ठेवलेत का? एकरी खर्च किती आला, उतारा किती पडला, माती शेवटची कधी तपासली, पाण्याच्या पाळ्या किती दिल्या. बहुतेक वेळा इथेच पलीकडून आवाज बंद होतो. काम चांगलं असतं हो, मी स्वतः जाऊन बघितलेली रानं आहेत, बांधावर गिरिपुष्प, सरीत काडीकचरा अंथरलेला, जरा माती उकरली की गांडूळ हाताला लागतं, पण कागदावर काहीच नसतं. आणि निधी मंजूर करणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्या बांधावर येतच नाही, तो टेबलावर बसून कागद वाचतो.

म्हणून हा लेख योजनांच्या यादीने सुरू होणार असला तरी त्याचा जीव मधे आहे, जिथे मातीचा नमुना आणि पाइपचा तुकडा येतो. घाई असेल तर तेवढं वाचा, पण वाचाच.

आधी ठरवा, पैसा कशाला पाहिजे

आपण सगळ्यालाच अनुदान म्हणतो आणि घोळ तिथून सुरू होतो. ठिबकला मिळतं ते वेगळं, गटाला सेंद्रिय शेतीसाठी मिळतं ते वेगळं, संस्थेला प्रकल्पासाठी मिळतो तो निधी वेगळा आणि संशोधनाचा पैसा तर पूर्णच वेगळा. प्रत्येकाचं दार वेगळं, कागद वेगळे, आणि पैसे कधी हातात येतात तेही वेगळं.

एकट्या शेतकऱ्याला ठिबक, शेततळं, गांडूळखत युनिट, अवजार असं काही पाहिजे असेल तर महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांचं ऑनलाइन अर्जाचं पोर्टल, आणि गाव पोकरात असेल तर पोकरा. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून १५ जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांत चालला, दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांचा आहे. आपलं गाव यादीत आहे का हे कृषी सहाय्यकाला विचारायला पाच मिनिटं लागतात, ते आधी विचारा. इथे एक नियम दगडावर कोरल्यासारखा लक्षात ठेवा, पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करायची नाही. मी ज्यांच्यासोबत काम करतो त्यातल्या एका गटाने पेरणी तोंडावर आली म्हणून बीबीएफ, म्हणजे रुंद सरी वरंब्यावर पेरणारं यंत्र उचललं, बिल पूर्वसंमतीच्या आठ दिवस आधीचं निघालं, आणि सगळं अनुदान गेलं. यंत्र चांगलं होतं, काम खरं होतं, तारीख चुकली. त्या गटातल्या बायकांनी बचतीतून ते पैसे भरले होते, मला अजून वाईट वाटतं.

गटाने मिळून रासायनिक खतं-औषधं सोडायची असतील तर परंपरागत कृषी विकास योजना बघा. २०१५-१६ पासून आहे, २० हेक्टरचा समूह लागतो, तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये आणि त्यातले १५,००० निविष्ठांसाठी, म्हणजे बियाणं-खतांसाठी, थेट शेतकऱ्याच्या खात्यात, बाकी प्रशिक्षण, प्रमाणीकरण, पॅकिंग वगैरेला. प्रमाणीकरण पीजीएस पद्धतीचं, म्हणजे गटातले शेतकरीच एकमेकांच्या रानाची तपासणी करतात. दुसरं आहे नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलं, २,४८१ कोटींचं, देशभर १५,००० समूह. यात एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षं. रक्कम बघून कुणी म्हणेल एवढ्याशा पैशात काय होतंय, पण खरी किंमत त्या दोन-तीन वर्षांच्या नोंदींची आहे, कारण पुढच्या मोठ्या निधीला त्याच दाखवायच्या असतात.

तिसरा पैसा संस्थेचा किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा. नाबार्ड या शेती-ग्रामीण विकासाच्या बँकेचा फार्म सेक्टर प्रमोशन फंड आहे, नवीन तंत्र शेतावर करून बघायला, प्रात्यक्षिकाला, प्रशिक्षणाला. त्याच्यासाठी मुंबई-पुण्याला जायची गरज नाही, जिल्ह्यात नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक असतात, त्यांना जाऊन भेटा. पहिल्या भेटीला छापील प्रस्ताव घेऊन जाऊ नका, एक पान घेऊन जा आणि ऐका, कारण त्यांच्याकडे त्या वर्षी कशाला प्राधान्य आहे हे कुठल्याच माहितीपत्रकात नीट लिहिलेलं नसतं. कंपनीला गोदाम, प्रतवारी, प्रक्रिया असं काही उभं करायचं असेल तर बाळासाहेब ठाकरे स्मार्ट प्रकल्प होता, ६० टक्के अनुदानाचा, तसल्या योजनांवर लक्ष ठेवा. ४० टक्के आपले घालायचे असतात, हे सभासदांना आधीच्याच सभेत सांगा.

सीएसआरचा पैसा आणि त्यातली गोम

यावर थोडं थांबतो कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, यालाच सीएसआर म्हणतात. पण शेतकरी उत्पादक कंपनीला हा पैसा अंमलबजावणी संस्था म्हणून थेट घेता येत नाही, त्यासाठी नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी लागते, १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या असलेली, तीन वर्षांचं काम दाखवू शकणारी, आणि सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घेतलेली. कितीतरी उत्पादक कंपन्या सहा-सहा महिने चकरा मारतात आणि मग हे कळतं. मार्ग आहे, जिल्ह्यातल्या विश्वासाच्या संस्थेसोबत लेखी करार करून जायचं, पैसा त्यांच्याकडे, काम आपल्या शेतावर.

आणि शब्द नीट वापरा. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ज्या गोष्टींना सीएसआर म्हणतात त्यात कृषी वनीकरण आहे, नैसर्गिक साधनांचं जतन आहे, माती-हवा-पाण्याची गुणवत्ता राखणं आहे, उपजीविका वाढवणं आहे. तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद यातल्या एका ओळीवर नेमका बसला पाहिजे. 'शेतकऱ्यांचा सर्वांगीण विकास' असं लिहिलं की ते कुठेच बसत नाही.

परदेशी निधीचं थोडक्यात, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर नादी लागू नका. असेल तरी खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही.

संशोधन आणि स्टार्टअपवाल्यांसाठी

कृषी पदवीधर मुलं-मुली विचारतात म्हणून सांगतो. जैविक निविष्ठा, अवजार, सेन्सर असं काही बनवताय तर राष्ट्रीय कृषी विकास योजनेतला स्टार्टअपचा भाग बघा, इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नवउद्योग घडवणाऱ्या केंद्रात, दोन महिन्यांचं प्रशिक्षण महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतनासह, मग कल्पनेच्या पातळीवर ५ लाखांपर्यंत आणि पुढच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत निधी. हैदराबादची मॅनेज, म्हणजे राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था, ही यातल्या मुख्य संस्थांपैकी एक. जैवतंत्रज्ञानाचं काही असेल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची बिग ग्रँट, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी, पुण्याचं व्हेंचर सेंटर त्यात भागीदार आहे. तिथे स्पर्धा जबर असते आणि 'हे नवीन काय आहे' या एका प्रश्नावर सगळं अडतं, म्हणून अर्जाआधी पेटंटचा शोध घ्या.

शेतकरी गटाला मात्र संशोधनाचा मोठा निधी स्वतःच्या नावाने मिळणं अवघड आहे, तो शास्त्रज्ञांच्या नावाने मिळतो. मग शास्त्रज्ञ जोडीला घ्यायचे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चार विद्यापीठं आहेत, प्रत्येक जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांना शेतावरचे प्रयोग लागतातच आणि बारा शेतकऱ्यांचा शिस्तीचा गट मिळणं त्यांनाही सोपं नाही. मागायला जाताना मान खाली घालून जायची काही गरज नाही, तुमच्याकडे रान आहे, माणसं आहेत, आणि तुम्ही प्रश्न घेऊन आलाय.

आता वही

दोनशे पानी मोठी वही घ्या, गटाच्या नावाने. पहिल्या पानावर सभासद, गट नंबर, क्षेत्र, पाण्याची सोय. मग प्रत्येक शेतकऱ्याला चार पानं. तारीख, काय केलं, किती माणसं, किती रुपये. मोबाइलमध्येही ठेवा, पण वही ठेवाच, कारण तपासणीला आलेला माणूस शाई बदललेली, कोपरे दुमडलेली वही बघितल्यावर ज्या नजरेने बघतो ती नजर एक्सेलला मिळत नाही.

मातीचा नमुना रब्बी निघाल्यावर, एप्रिल-मे मध्ये घ्यायचा, खत टाकायच्या आधी. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही सारखा खड्डा, १५ ते २० सेंटीमीटर खोल, त्याच्या बाजूची एक कड वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यायची. बांधाजवळ नको, झाडाखाली नको, उकिरड्याच्या जागेवर नको. सगळी माती स्वच्छ फडक्यावर एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा मिसळायची, असं अर्धा किलो उरेपर्यंत. युरियाच्या गोणीवर माती वाळवलेली मी बघितलीय, असं केलं की नत्राचा आकडा गेलाच कामातून. आणि नमुना घेतलेल्या जागा वहीत चित्र काढून खुणावून ठेवा, तीन वर्षांनी तिथूनच घ्यायचाय.

दुसरी चाचणी मला फार आवडते, खर्च जवळजवळ शून्य. १५ सेंटीमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा, साधारण वीतभर लांब, अर्धा जमिनीत ठोकायचा, आत प्लास्टिकचा कागद अंथरून ४४० मिली पाणी ओतायचं आणि कागद हळूच काढून घ्यायचा. हे पाणी म्हणजे बरोबर अडीच सेंटीमीटर पाऊस. आता मोबाइलवर वेळ लावा, पाणी पूर्ण जिरायला किती मिनिटं लागली. पहिलं पाणी कोरडी माती ओली करण्यात जातं, म्हणून लगेच दुसऱ्यांदा तेवढंच ओतून वेळ घ्या, तो आकडा खरा. एका रानात ही चाचणी चालू होती तेव्हा शेजारच्या काकू बघायला आल्या, त्यांच्या नांगरून-नांगरून दाबलेल्या वावरात पाणी कितीतरी वेळ तसंच उभं राहिलं आणि बांधापलीकडच्या आच्छादनवाल्या पट्ट्यात बघता बघता गेलं, काकू उकिडव्या बसून पाइपमध्ये बघत राहिल्या. त्या एका दुपारनंतर त्या गटात आल्या. प्रस्तावात हा आकडा आणि फोटो दोन्ही घाला.

प्रश्न एकच, आणि पट्टे दोन

'जैविक शेतीचा प्रसार करणे' हा प्रश्न नाही, तो बोर्डावर लिहायचा मथळा आहे. प्रश्न असा असतो की, आमच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो, तेव्हा रुंद सरी वरंब्यावर पेरून काडाचं आच्छादन केलेलं सोयाबीन-तूर नेहमीच्या सपाट पेरणीपेक्षा किती तग धरतं आणि एकरी खर्चात काय फरक पडतो. पीक ठरलं, पद्धत ठरली, कशाशी तुलना तेही ठरलं.

तुलनेचा पट्टा नसेल तर प्रस्ताव अर्धा मेला समजा. प्रत्येक शेतकऱ्याच्या एकाच रानात शेजारी-शेजारी अर्धा-अर्धा एकर, एकात नवीन पद्धत, एकात त्याची नेहमीची, आणि कुठला पट्टा कुठे हे नाणं उडवून ठरवा. हे ऐकून लोक हसतात, पण नाणं उडवलं नाही तर प्रत्येक जण नवीन पद्धत आपल्या चांगल्या काळ्या पट्ट्यात करतो, अगदी नकळत, आणि मग फरक पद्धतीचा की जमिनीचा हे कुणालाच सांगता येत नाही. असे बारा शेतकरी झाले की बारा वेळा केलेला प्रयोग होतो.

मोजायचं मोजकंच. काढणीला दोन्ही पट्ट्यांत १० बाय ५ मीटरचा चौकोन दोरीने आखा, तेवढंच वेगळं मळून वजन करा, त्याला ८१ ने गुणलं की एकरी उतारा. सोबत खर्च, पाणी जिरण्याची वेळ आणि खंडाच्या काळातला एक फोटो रोज ठरलेल्या जागेवरून. वीस गोष्टी मोजायचं कबूल केलं की ऑगस्टपर्यंत वही बंद पडते.

एक कळकळीची सूचना. तीन वर्षांत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहणारा कार्बन, ०.३ वरून १ टक्क्यावर नेऊ असं लिहू नका, हे वाक्य मी इतक्या प्रस्तावांत वाचलंय की आता पोटात गोळा येतो. एक हेक्टरचा वरचा १५ सेंटीमीटर थर साधारण २० लाख किलो भरतो, त्यात ०.१ टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे २ टन निव्वळ कर्ब जमिनीत टिकवायचा, आणि आपल्या उन्हाळ्यात टाकलेल्यातला बराचसा कुजून हवेत जातो. जाणकार परीक्षक हा दावा वाचून पुढचं वाचतच नाही. त्यापेक्षा पाणी जिरण्याचा वेग, खर्चातली घट, हे लवकर दिसतं, ते लिहा.

कागद

वैयक्तिक योजनांना २०२५ पासून शेतकरी ओळखपत्र लागतं, ॲग्रीस्टॅक या सरकारी डिजिटल नोंदणीचं, ते आधी काढून घ्या. सातबारा, आठ अ, आधारला जोडलेलं खातं. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका वेलांटीचा फरक असला तरी अडतं. बायका राबतात आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून त्यांना अर्जच करता येत नाही, हे फार ठिकाणी होतं, लक्ष्मी मुक्ती योजनेत पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावता येतं, तलाठ्याकडे जाऊन ते काम करून टाका.

संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलचा नंबर, तीन वर्षांचं ऑडिट आणि प्रकल्प करायचा आणि सही कुणी करायची हा ठराव. ठरावाची तारीख अर्जाच्या आधीची पाहिजे.

बजेट म्हणजे दुसरा प्रस्तावच

परीक्षक बऱ्याचदा आधी बजेट वाचतात. तिथे 'प्रशिक्षण खर्च २ लाख' असा गोळा आकडा दिसला की शंका येते. चार प्रशिक्षणं, प्रत्येकी ३० माणसं, चहा-जेवण माणशी इतके, वक्त्याचा प्रवास इतका, असं फोडून लिहा. वस्तूंना तीन कोटेशन. माती तपासणी, वजनकाटा, नोंदी ठेवणाऱ्या पोराचं मानधन हे घालायला लोक विसरतात आणि मग नोंदीच होत नाहीत. तो पोरगा बजेटमधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे, त्याला फुकट राबवू नका. गटाचं योगदान, म्हणजे मजुरी, शेणखत, जागा, हेही रुपयांत लिहा.

आणि मोठ्ठी गोष्ट, पैसा पावसाची वाट बघत नाही आणि पाऊस पैशाची. बरेचदा निधी हप्त्यांत येतो, शेवटचा हप्ता तर काम झाल्यावर. पेरणी जूनमध्ये आणि पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये, असं झालं तर बियाणं कशातून आणणार? प्रकल्पाचं पहिलं वर्ष मुद्दाम तयारीचं ठेवा, नमुने, प्रशिक्षण, खत तयार करणं, म्हणजे हप्ता उशिरा आला तरी हंगाम हातचा जात नाही. तीन-चार महिने चालेल एवढी रक्कम गटाच्या खात्यात असल्याशिवाय सही करू नका. व्याजाने पैसे काढून प्रकल्प चालवलेला गट मी मोडताना बघितलाय.

लिहायचं कसं

क्रम सरळ ठेवा, आमच्या गावात अडचण ही, आत्ताचे आकडे हे, आम्ही करून बघणार हे, कुणासोबत, किती दिवसांत, किती रुपयांत, आणि जमलं की नाही हे कळणार असं. भाषा आपली साधी. कृषी विज्ञान केंद्राचं पत्र जोडा, पण त्यात 'आम्ही सहकार्य करू' एवढंच नको, कोण शास्त्रज्ञ किती भेटी देणार ते असू द्या. मसुदा झाला की गटातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, जिथे तो अडखळेल तिथे परीक्षकही अडखळणार. अर्ज शेवटच्या दिवशी भरू नका, पोर्टल त्या दिवशी चालत नाही, आणि पोचपावती छापून फाइलला लावा.

मधे कुणी भेटला आणि म्हणाला दहा टक्के द्या, मंजुरी आणून देतो, तर सरळ उठा. ते दहा टक्के बजेटमध्ये कुठे दाखवणार?

मंजूर झाल्यावर

वेगळं बँक खातं, त्यात दुसरा एक रुपया नाही. त्यावरचं व्याजसुद्धा हिशेबात दाखवावं लागतं. सरकारी निधी असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात द्यावं लागतं, ते मार्चमध्ये धावपळ करून बनत नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला बिलं लावून ठेवली तर एका दिवसात होतं. बजेटच्या एका बाबीतले पैसे दुसरीत वापरायचे तर आधी लेखी परवानगी. पीक गेलं, पाऊस पडला नाही, तर लपवू नका, लगेच कळवा, दुष्काळात दोन्ही पट्ट्यांचं काय झालं हाच तर खरा निकाल असतो.

प्रयोगात गावचं जुनं बियाणं असेल तर ते बाहेर देण्याआधी एक काम करा. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी होते आणि शेतकऱ्याला त्याची फी पडत नाही. बियाणं जपणाऱ्या गावांना याच प्राधिकरणाचा १० लाखांचा पुरस्कारही आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना पद्मश्री मिळाली, त्यांनी घरातच बियाणं जपायला सुरुवात केली होती, मग बाएफसारखी संस्था पाठीशी उभी राहिली. राज्य सरकारनेही २०२२ मध्ये स्थानिक वाणं आणि जैवविविधता जपणाऱ्या महाराष्ट्र जनुक कोषासाठी पाच वर्षांचे १७२ कोटी मंजूर केलेत, म्हणजे या कामाला पैसा आहे.

आणि नाकारलं तर? नम्रपणे पत्र लिहून कारण विचारा, बरेच जण सांगतात. आमचा पहिला प्रस्ताव तुलनेचा पट्टा नाही म्हणून परत आला होता. त्या वर्षी पैसे नसताना सात जणांनी आपापल्या रानात दोन पट्टे आखले, नाणं उडवलं, वहीत लिहिलं. पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव, त्याच मथळ्याखाली, सात पानांचे आकडे जोडून पाठवला आणि मंजूर झाला. आता अक्षय्य तृतीयेच्या आसपास आमच्याकडे नमुने काढायचं काम चालू असतं, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी, फडकं आणि खुरपं घेऊन या.